जोडीतली मांजराची दोन पिल्लं घरी आणायचीत? पहिल्या भेटीपासून नसबंदीपर्यंत सगळं

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे एकच पिल्लू येणार होतं. एकच. नवऱ्याशी तसा करार झालेला, सासूबाईंना फोनवर तसंच सांगून झालेलं, बास्केटसुद्धा एकाच्याच मापाची घेतलेली. पिल्लं एका ताईंकडे फॉस्टरला (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) होती, दहा आठवड्यांची, बहीण-भाऊ, आई बिल्डिंगखालची तिरंगी भटकी आणि बाप बहुतेक कुठल्यातरी बंगल्यातला पर्शियन बोका, म्हणजे तोंड देशी आणि शेपूट पाहुण्याची असा प्रकार. आम्ही बहिणीला घ्यायचं ठरवलं, बास्केटमध्ये ठेवलं, चेन लावली. तोपर्यंत पडद्याला लटकलेला भाऊ खाली उतरला, बास्केटपाशी आला आणि जाळीच्या फटीतून एक पंजा आत घातला. तिनं आतून तो पंजा चाटला आणि मग दोघांनी जो गळा काढला तो विचारू नका. ताई काही बोलल्या नाहीत, "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. चहा उकळेपर्यंत आमचा करार मोडला होता.

तिचं नाव मोहरी ठेवलं, कारण तडतडते. त्याचं जिरं, हाक मारताना जिऱ्या.

दोन म्हणजे दुप्पट काम, असं सगळेच सांगतात आणि ते अर्धवट खरं आहे. काही गोष्टी सरळ दुप्पट होतात, डॉक्टरचं बिल, लिटर (म्हणजे त्यांच्या शी-शूच्या टबातली माती), खाणं. काही गोष्टी चक्क निम्म्यावर येतात, रात्रीचं रडणं, हातापायाला चावणं, "मला एकटं सोडून ऑफिसला गेलात" हा प्रकार. आणि तिसऱ्या काही गोष्टी फक्त जोडीतच होतात, एकट्या मांजराच्या घरी त्यांचा पत्ताही नसतो, आणि त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

जोडी आहे का, की नुसती भावंडं आहेत

एका विताची म्हणजे जोडी असतेच असं नाही. काही भावंडं एकमेकांना ढुंकून बघत नाहीत, आणि कधीकधी दोन वेगळ्या ठिकाणाहून उचललेली पिल्लं एका पिंजऱ्यात वाढून अशी चिकटतात की सोडवता येत नाहीत. बघायला जाल तेव्हा निदान तासभर बसा, दहा मिनिटांत फोटो काढून परत येऊ नका. झोपताना एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात का, एकमेकांचे कान-मान चाटतात का, एक घाबरलं की दुसऱ्याकडे पळतं का. मग फॉस्टरवाल्यांना सांगून एकाला दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या खोलीत ठेवायला लावा. थोडं म्यांव करून खेळायला लागलं तर ठीक, वेगळं राहू शकेल. दार ओरबाडत राहिलं, समोर ठेवलेलं खाणं सोडून नुसतं हाका मारत राहिलं, तर ती जोडी आहे आणि तोडू नका. फॉस्टरवाल्यांना एक गोष्ट नक्की विचारा: एक डॉक्टरकडे गेलेलं असताना दुसरं जेवतं का? त्यांच्या उत्तरात सगळं येतं.

अजून एक बघायचं ते म्हणजे दोघांतलं बॉस कोण. जवळजवळ प्रत्येक जोडीत एक पुढे पुढे करणारं असतं आणि एक त्याच्या पाठीमागून डोकावणारं. आमच्याकडे मोहरी दादागिरी करते आणि जिऱ्या, अंगानं तिच्या दीडपट असून, पाहुणे आले की तिच्या मागे. हे आधीच कळलं तर पुढे खूप उपयोग होतो, सांगते.

वय: आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू शक्यतो घेऊ नका, दहा-बारा आठवडे आईपाशी राहिलेलं उत्तम. वय ओळखायची ढोबळ खूण म्हणजे डोळे, सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्यांचेच निळसर असतात, नंतर रंग बदलायला लागतो. वजन साधारण महिन्याला अर्धा किलो या हिशोबानं, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू किलोच्या आतबाहेर. "निळे डोळे आहेत, स्पेशल आहे" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर पिल्लू फक्त लहान आहे.

तिथेच तब्येतही बघून घ्या. डोळ्यांत चिकटा, नाक वाहणं, कानात कॉफी पावडरसारखी काळी घाण (ते कानातले किडे असतात), पोट फुग्यासारखं आणि पाठ हाडकलेली (म्हणजे जंत), अंगावर गोल चकत्यांसारखे केस गेलेले (गजकर्ण, आणि ते माणसांनाही होतं). यातलं काही असलं म्हणजे घेऊ नका असं नाही, सगळं बरं होतं, फक्त एकाला असेल तर दुसऱ्यालाही आहेच असं धरून चाला आणि उपचार दोघांचे सोबत करा. पर्शियन क्रॉस असेल तर डॉक्टरांना आवर्जून तसं सांगा, पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे आणि आई-बापातल्या एकाकडून जरी तो जीन आला तरी पुरतो, त्यामुळे मोठं झाल्यावर एकदा सोनोग्राफी करून घेतलेली बरी.

घेण्याआधी घरातली बोलणी

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला दोन मांजरं असा आकडा घालून विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत त्याबद्दल, त्या प्रिंट काढून ठेवा, भांडायला लागलं तर कामी येतात. आणि उलट बाजूनं, घेतलेलं जनावर नको झालं म्हणून कुठेतरी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही घरात सगळ्यांना माहीत असू दे.

घरात कट्टर शाकाहार असेल आणि मांसाहारी पाकीटसुद्धा चालणार नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, मांजर घेऊ नका. दही-भातावर मांजर जगत नाही. टॉरीन नावाचा एक घटक मांजरांना बाहेरून, म्हणजे मांसातूनच घ्यावा लागतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. कुत्र्याच्या खाण्यात तो पुरेसा नसतो, म्हणून तेही चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमचं दोघांचं खाणं आणि लिटर मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास बसतं. पहिल्या सहा महिन्यांत लसी, जंताचं औषध, नसबंदी हे सगळं गुणिले दोन. ते वेगळं काढून ठेवा.

खिडक्या आधी, खेळणी नंतर

"मांजर पडलं तरी चार पायांवर उतरतं" हे डोक्यातून काढा. तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर चार पायांवर उतरतं आणि जबडा, छाती, पाय मोडून घेतं. आणि जोडीत एक जादा धोका, एक ग्रीलवर बसलेलं असताना दुसरं मागून झडप घालतं. आमच्याकडे हे दिवसातून चार वेळा होतं, नशीब जाळी आधी लावली होती.

कबुतरांची नायलॉनची जाळी बऱ्याच घरांत असते, ती नसण्यापेक्षा बरी पण दुधाचे दात पडून पक्के यायला लागले की, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांपासून, पिल्लं काहीही कुरतडतात आणि ती जाळी कापडासारखी फाटते. ज्या खिडकीत ती बसणार तिथे स्टीलची जाळी लावून घ्या. ते नवीन तारांचं अदृश्य ग्रील मिळतं त्याच्या दोन तारांमधून लहान पिल्लू आरामात बाहेर जातं, डोकं गेलं की अंग जातं. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी विसरू नका, मी विसरले होते.

मग बाकीचं घर. वॉशिंग मशीन लावण्याआधी हात घालून बघायचं, दर वेळी, आणि दोघांना मोजायचं. मोजणं ही सवयच लावून घ्या, एक दिसतंय म्हणजे दुसरंही असेल असं वाटतं आणि दुसरं दिवाणाच्या आत बंद झालेलं असतं. गॅसच्या बटणांना लहान मुलांसाठी मिळतात तशी झाकणं. डांबराच्या गोळ्या, फिनेल, डेटॉल हे तिन्ही मांजराला विषारी, ती पायांनी तुडवतात आणि मग पाय चाटतात, त्यामुळे फरशी साध्या साबणाच्या पाण्यानं. कुंड्यांमधली लिली काढून टाका, खरी लिली इतकी वाईट की तिचे परागकण अंगावरून चाटले तरी किडन्या बंद पडतात. डिफेनबाकिया, मनी प्लांट चावले तर तोंड सुजतं, वर टांगा. पॅरासिटामॉलची गोळी खाली पडलेली राहू देऊ नका, माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि दोरा. शिवणाचा दोरा, राखीचा रेशमी दोरा, सणाच्या सजावटीतल्या चमचमत्या झिरमिळ्या, संक्रांतीचा मांजा. गिळला तर आतडी चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि ऑपरेशनच करावं लागतं. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच डॉक्टरकडे.

सामान फार लागत नाही. लिटर बॉक्सचा हिशोब मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघांना तीन. आमच्या टू बीएचकेमध्ये तीन बसेनात म्हणून दोन मोठे आणि घराच्या दोन टोकांना ठेवले, चालतंय. एकाच ठिकाणी दोन चिकटून ठेवले तर त्यांच्या दृष्टीनं तो एकच, आणि बॉस मांजर वाटेत बसून दुसऱ्याला जाऊ देत नाही. महागडे झाकणवाले बॉक्स नकोत, भांड्याच्या दुकानातला पसरट टब घ्या. पाण्यानं गोळा होणारी बेंटोनाइटची माती अगदी लहान पिल्लांना नको कारण ती ते खाऊन बघतात, चार महिन्यांपर्यंत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या वापरा. ओरबाडायला काथ्याचं पायपुसणं सगळ्यात बेस्ट, एक जमिनीवर, एक कपाटाच्या बाजूला उभं बांधून. आम्ही आधी ऑनलाइन मागवलेलं झाडासारखं मोठं टॉवर अजून कपडे वाळत टाकायला वापरतो.

पहिला आठवडा: एकच खोली

उत्साहात सगळं घर उघडं टाकू नका. एक खोली, तीत खाणं एका कोपऱ्यात, लिटर विरुद्ध कोपऱ्यात, पाणी खाण्यापासून थोडं लांब, आणि लपायला दोन खोकी. फॉस्टरच्या घरची वासाची एखादी जुनी चादर मागून आणा, अगदी न धुतलेली. पहिले दोन दिवस ती पलंगाखाली राहतील, राहू दे. हात घालून ओढून काढू नका, तुम्ही खाली जमिनीवर बसून मोबाईल बघा, कांदे सोला (म्हणजे सोला नका, कांदा-लसूण त्यांना विषारी, भाजी निवडा), येतील. आमची दुसऱ्या रात्री अडीच वाजता आली, मोहरी आधी येऊन माझ्या पायाच्या अंगठ्याला नाक लावून गेली, आत जाऊन काहीतरी रिपोर्ट दिल्यासारखं झालं आणि मग दोघं एका मागोमाग एक बाहेर. त्यानंतर आजतागायत झोप नाही, तो भाग वेगळा.

इथे जोडीचा मोठा फायदा दिसतो, एकटं पिल्लू पहिले चार-पाच दिवस रात्रभर रडतं, जोडी रडत नाही, एकमेकांना धरून झोपते. पण यातच एक तोटा लपलाय. एकमेकांत ती इतकी खूश असतात की माणसांची गरजच वाटत नाही, आणि मागे राहणारं पिल्लू कायमचं बुजरं राहू शकतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकाला वेगळं, एकटं घेऊन बसा. एक नवऱ्यापाशी हॉलमध्ये, एक तुमच्यापाशी खोलीत, हातानं खाऊ द्या, खेळवा. आधी बोंब मारतील, दहाच मिनिटं, मग शिकतील. खायला देताना प्रत्येकाचं नाव घेऊन द्या, दोघांना मिळून "माऊ माऊ" करत बसलात तर कुणालाच स्वतःचं नाव कळत नाही. जिऱ्यासाठी हे आम्ही महिनाभर नेमानं केलं, आता दारावरची बेल वाजली तर पळतो पण दोन मिनिटांनी परत येतो, त्याच्यासाठी हे म्हणजे बोर्डात पहिला आल्यासारखं आहे.

खाणं, आणि कोण किती खातंय

किटन फूडच द्या, मोठ्यांचं नाही, वर्षाचं होईपर्यंत. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. कोरडं आणि ओलं मिसळून दिलं तर बरं, कोरड्यावर मांजरं पाणी कमी पितात. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन वरून थोडं चालेल, पण नुसत्या चिकनवर पिल्लू वाढवू नका, कॅल्शियम कमी पडतं. सुकट-बोंबील खारट असतात, नकोच. आणि दूध. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण बहुतेकांना ते पचत नाही आणि नंतर डोळे उघडून आपल्याला फरशी पुसावी लागते.

भांडी दोन, आणि एकमेकांपासून चार-पाच फूट लांब. मोहरी स्वतःचं संपवून जिऱ्याच्या भांड्यात तोंड घालायची आणि तो बिचारा बाजूला सरकून बघत बसायचा, आम्हाला वाटायचं वा, काय प्रेम आहे. तीन आठवड्यांनी वजन केलं तर याचं जेमतेम वाढलेलं. तेव्हापासून किचनच्या डिजिटल काट्यावर परात ठेवून दर रविवारी दोघांचं वजन आणि ते फ्रिजवरच्या कालनिर्णयवर लिहायचं. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. एकाचं वाढतंय आणि एकाचं थांबलंय हे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

हीच गोष्ट लिटरची. पातळ शी दिसली, पण कुणाची? एका रात्रीपुरतं दोघांना वेगवेगळ्या खोलीत आपापल्या टबसह ठेवा, सकाळी उत्तर मिळतं. आणि औषध ज्याचं त्याला, वजनावर डोस असतो, "एकालाच दिलं तर दुसऱ्याला पण थोडं देऊन टाकू" हे अजिबात करू नका. पिल्लानं बारा तासांच्या वर काही खाल्लं नाही, किंवा उलट्या आणि जुलाब दोन्ही चालू झाले तर सकाळची वाट बघू नका. अंग गरम लागतंय म्हणून मात्र घाबरू नका, मांजराचं नॉर्मल तापमानच 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असतं.

मस्ती

देशी रक्ताची पिल्लं एनर्जीचा बॉम्ब असतात. पहाटे आणि संध्याकाळी त्यांच्यातला शिकारी जागा होतो, ते त्यांच्या अंगातच आहे, त्यामुळे पहाटे चारला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडदौड होणारच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा अगदी नम्रपणे विचारलं, "रात्री फर्निचर हलवता का?" त्यावर उपाय दोन. एक, पळण्याच्या वाटेवर जाड सतरंजी. दोन, रात्री झोपण्याआधी त्यांना दमवायचं, नुसतं दमवायचं नाही तर क्रमानं: शिकार, मग जेवण, मग चाटणं, मग झोप. काठीला दोरी आणि दोरीला पीस असं खेळणं घ्या आणि ते उंदरासारखं हलवा, तोंडासमोर नाचवू नका, लपवा, सोफ्याच्या कडेनं सरपटवा. शेवटी पकडू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी लगेच रात्रीचं शेवटचं जेवण. आठ दिवसांत पहाटेचे चार साडेपाचवर जातात, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. खेळून झाल्यावर ती काठी कपाटात, दोरी गिळतात.

दोघांना एका काठीनं खेळवलं तर बॉस खेळतं आणि दुसरं प्रेक्षक होतं, त्यामुळे दोन हातात दोन काठ्या. दिसायला येड्यासारखं दिसतं, पडदे लावून घ्या.

हात हे खेळणं नाही. पिल्लाला हातावर कुस्ती खेळायला शिकवलंत तर चार किलोचं मांजर झाल्यावरही ते तेच करणार. जोडीत याचा त्रास निम्मा होतो, कारण जोरात चावलं की भाऊ ओरडतो आणि खेळ सोडून निघून जातो, किती जोर लावायचा हे ते एकमेकांकडून शिकतात. एकट्या वाढलेल्या पिल्लाला हे शिकवायला आपली चामडी वापरावी लागते. ओचकारा लागून रक्त आलंच, विशेषतः रेबीजची लस व्हायच्या आधी, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

आता प्रश्न येतो की हे खेळतायत की भांडतायत, कारण दिसायला दोन्ही सारखंच. मी पहिला महिना धावून धावून सोडवायचे. खेळ असेल तर आवाज नसतो, आळीपाळीनं एक वर एक खाली होतं, मधेच थांबून अंग चाटतात. भांडण असेल तर फिस्कारणं, गुरगुरणं, कान मागे चिकटलेले, शेपूट बाटली साफ करायच्या ब्रशसारखी, आणि एकच पिल्लू सारखं पळतंय, लपतंय. तेव्हा मधे हात घालायचा नाही, मधे उशी घालायची.

डॉक्टर, लसी आणि परत आल्यावरचं नाटक

तीन रोगांची मिळून असते ती लस आठ-नऊ आठवड्यांना सुरू होते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज बारा आठवड्यांनंतर. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. तिन्हीत सगळ्यात भयानक पॅनल्युकोपेनिया, पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो. ज्या घरात नुकतंच मांजर यानं गेलंय तिथे लस पूर्ण न झालेली पिल्लं आणूच नका, आणि बाहेरच्या मांजरांना हात लावून आलात तर हात धुवा, चपला दाराबाहेर. पिसवांसाठी कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध मांजराला कधीही नाही, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर मरतं.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर काढून टाकायचं कारण नाही, लिटर दुसऱ्यानं साफ करायचं आणि रोज करायचं, कारण टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या, पोटातल्या बाळाला घातक परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला निदान एक दिवस घेतात. कच्चं मांस खायला द्यायचं नाही. हे माहीत नसल्यानं कितीतरी मांजरं घराबाहेर पडतात.

कॅरियर, म्हणजे न्यायची-आणायची बास्केट, एरवीही हॉलमध्ये उघडं ठेवा, आत चादर, झोपू दे त्यात, म्हणजे बाहेर काढलं की पलंगाखाली पळापळ होत नाही. आणि डॉक्टरकडे दोघांना बरोबरच न्या, काम एकाचंच असलं तरी. आम्ही एकदा एकट्या जिऱ्याला नेलं. परत आलो, दार उघडलं, आणि ज्या बहिणीनं त्याच्यासाठी बास्केटमधून गळा काढला होता तिनंच त्याला बघून पाठीची कमान केली आणि फिस्कारली. तो बिचारा जागेवरच बसला. त्याला दवाखान्याचा वास येत होता, मांजरं चेहऱ्यापेक्षा वासानं ओळखतात, त्यामुळे तिच्या लेखी घरात परका बोका घुसला होता. असं झालं तर जबरदस्तीनं समोरासमोर आणू नका. काही तास वेगळ्या खोल्या, मग एक टॉवेल आधी हिच्या गालांवर मग त्याच्या अंगावर असा आलटून पालटून फिरवा, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. आमचं दुसऱ्या दिवशी दुपारी मिटलं, तिनं येऊन त्याचा कान चाटला, जसं काही झालंच नव्हतं.

नसबंदी, आणि उशीर करू नका

बहीण-भाऊ आहेत म्हणून काही होणार नाही, असं सुशिक्षित माणसांकडून मी ऐकलंय. मांजरांमध्ये रक्षाबंधन नसतं. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं. त्यामुळे चौथा महिना लागला की डॉक्टरांशी बोलून तारीख घ्या, शक्यतो दोघांची एकाच दिवशी. बोक्याची झाली म्हणजे लगेच सेफ असंही नाही, नंतर महिनाभर तरी त्याच्यात पिल्लं होण्याची क्षमता राहू शकते, म्हणून मादीची पुढे ढकलून "त्याची तर झालीये" म्हणत बसू नका. दोन बहिणी किंवा दोन भाऊ असतील तरीही करायचीच, नाहीतर दोन बोके वयात आल्यावर पडद्यांवर जो फवारा मारतात तो वास धुऊन जात नाही.

ऑपरेशननंतरची गोष्ट मात्र फक्त जोडीवाल्यांसाठी. मोहरीच्या गळ्यात कोन घातला होता, तिला टाके चाटता येत नव्हते, आम्ही निश्चिंत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर ती आडवी पडलीये आणि जिऱ्या अगदी मन लावून, प्रेमानं, तिचे टाके चाटतोय. दोन टाके सैल झालेले. परत दवाखाना, परत बिल, डॉक्टर हसले, मी नाही हसले. दहा ते चौदा दिवस, तुम्ही समोर नसाल तेव्हा दोघं वेगळ्या खोलीत, वास येत राहावा म्हणून चादरींची अदलाबदल करायची. रडतील, पण टाके सुटण्यापेक्षा बरं.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि खेळ कमी होतो, वाट्या मोजून द्या.

गावाला जाताना

जोडी असली तरी दोन दिवस भरपूर खाणं ओतून कुलूप लावून जायचं नाही. पण त्यांना गाडीत घालून कोकणात न्यायचीही गरज नाही, मांजराला माणसांपेक्षा घर महत्त्वाचं, आणि जोडी असेल तर घर आणि सोबती दोन्ही जागेवर असतात, त्यामुळे हे एकट्या मांजरापेक्षा खूप सोपं जातं. समोरच्या काकूंकडे चावी दिलीये, त्या दोन वेळा येतात, खाणं-पाणी बघतात, लिटर काढतात आणि मला फोटो पाठवतात. फोटोत दोघं दिसली पाहिजेत एवढीच माझी अट. मागच्या वेळी एका फोटोत मोहरी एकटीच होती, मी रत्नागिरीत जेवणाच्या पानावरून उठून फोन केला, काकू घरभर शोधत होत्या, दिवाण उघडला, वॉशिंग मशीन बघितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "अगं, हा माझ्याच पिशवीत बसलाय."